भूकंप आणि घर : किल्लारीचा धडा व गोडदेवचा प्रश्न

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात दुष्काळाला जे स्थान लाभले, ते भूकंपास लाभलेले नाही. याचे कारण साधनांच्या स्वरूपात आहे. दुष्काळ हळूहळू येतो, महिनोन्महिने रेंगाळतो आणि सारामाफीचे अर्ज, धान्याचे भाव, स्थलांतराच्या नोंदी असा कागद मागे ठेवतो. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर तर सरकारला दुष्काळसंहिताच सिद्ध करावी लागली. भूकंप मात्र मिनिटाच्या आत आटोपतो व त्याची साक्ष मुख्यतः पडलेल्या भिंती देतात. म्हणून या विषयाच्या अभ्यासकाने दप्तराइतकेच घराच्या बांधणीकडेही पाहिले पाहिजे.

ठाणे जिल्ह्यातील भाईंदर पूर्वेचे गोडदेव हे गाव या दृष्टीने विचारार्ह आहे. वसईच्या खाडीच्या दक्षिणेस, मिठागरे व खाजणे यांच्या सान्निध्यात असलेल्या या परिसरात १९८५ साली नगरपालिका आणि २००२ साली महानगरपालिका स्थापन झाली. त्या काळात गावठाणाभोवती काँक्रीटच्या इमारती दाटल्या. या भागासंबंधीची जुनी नोंद म्हणून १६१८ च्या मे महिन्यातील उत्पाताचा निर्देश भूकंपांच्या सूच्यांत आढळतो. त्यात मुंबई–वसई भागात सुमारे २,००० माणसे मेली, असे म्हटले आहे. परंतु त्या वर्णनात वादळी वारा व बुडालेली गलबते यांनाच प्राधान्य आहे. तो उत्पात वस्तुतः चक्रीवादळ असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तेव्हा भूकंपाचा विचार करताना या नोंदीवर भिस्त ठेवता येत नाही. निकटच्या काळाकडेच वळावे लागते.

दख्खनचे पठार अचल आहे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगरच्या भूकंपाने तिला तडा दिला. सुमारे १८० माणसे दगावली, धरणाच्या भिंतीला भेगा पडल्या आणि धक्का मुंबईपर्यंत जाणवला. त्यानंतर १९७० साली देशाचा भूकंपविभागांचा नकाशा सुधारण्यात आला. तरीही लातूरचा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागातच राहिला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे चारच्या सुमारास, किल्लारी परिसर हादरला व जवळजवळ ८,००० माणसे मृत्युमुखी पडली.

या हानीचे कारण केवळ धक्क्याच्या तीव्रतेत शोधणे अपुरे ठरेल. तेथील घराची भिंत दोन-अडीच फूट जाड असे. पण तिचे आतले व बाहेरचे थर निरनिराळे रचलेले, मध्ये मातीचा व बारीक दगडांचा भरणा, आणि दोन्ही थरांना सांधणारे आरपार दगड बहुधा नसत. वर माळवदावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारी हीच माती त्या पहाटे काळ ठरली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शहाणपणाने उष्म्याचा विचार केला होता. भूकंपाची आठवण नसल्यामुळे त्याचा विचार केला नव्हता. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. इतरत्र आरपार दगड घालणे, भिंतींना सलग पट्टा बांधणे, छतावरील माती कमी करणे असे उपाय सुचविले गेले.

गोडदेवच्या रहिवाशास किल्लारीचा धडा जसाच्या तसा लागू पडत नाही. त्याला भुजचा अधिक जवळचा आहे. २६ जानेवारी २००१ च्या त्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील कित्येकींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा, केवळ खांबांवर उभा होता. मऊ गाळाची जमीन दुरून आलेला धक्काही वाढविते, हे १९८५ साली मेक्सिको शहरात दिसले होते. २००२ च्या नकाशात मुंबई–ठाणे परिसर तिसऱ्या विभागात आहे आणि शेजारच्या पालघर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१८ पासून सौम्य धक्क्यांची मालिका अनुभवास आली. खाजणालगतच्या वस्तीने या तिन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत.

कुटुंबाची सिद्धता येथून सुरू होते. उंच कपाट भिंतीला पक्के बांधणे, निजण्याच्या जागेवरील माळ्यावरून जड भांडी उतरविणे, गॅस बंद करण्याची सवय घरातील प्रत्येकास लावणे, हादरा चालू असता जिन्याकडे वा लिफ्टकडे न धावता भक्कम मेजाखाली आसरा घेणे, ही कामे ज्याची त्याने करावयाची आहेत. परंतु खांब कोणा एका कुटुंबाचा नसतो. माळवदाचा धनी आपले छत हलके करू शकत होता. चौथ्या मजल्यावरील सदनिकेचा धनी तळमजल्याचा खांब एकट्याने बळकट करू शकत नाही. ते काम गृहनिर्माण संस्थेचे आहे. तीस वर्षे पुरी झालेल्या इमारतीच्या संरचनेची तपासणी महापालिका अधिनियमाने आवश्यक केली आहे. १९८५ नंतरच्या पहिल्या इमारतींनी ही मर्यादा केव्हाच ओलांडली आहे.

भूकंप कागद ठेवीत नाही, असे आरंभी म्हटले. तो कागद आधीच जपून ठेवणे मात्र माणसाच्या हाती आहे. इमारतीचे मूळ नकाशे, सळयांचा तपशील, तपासणीचे अहवाल व दुरुस्तीचे ठराव संस्थेच्या दप्तरात सुरक्षित असतील, तर अभियंत्यास ते आज उपयोगी पडतील आणि इतिहासकारास उद्या. किल्लारीच्या भिंतींत काय आहे, हे त्या पडल्यावर कळले. गोडदेवच्या भिंतींविषयी ते त्या उभ्या असतानाच जाणून घेता येण्याजोगे आहे.