एका किल्लीसाठीची रांग : मॅटप्लॉटलिबची जन्मकथा

पायथॉन शिकू लागलेला विद्यार्थी पहिल्या काही दिवसांतच एक ओळ पाठ करतो : ‘इम्पोर्ट मॅटप्लॉटलिब डॉट पायप्लॉट अ‍ॅज पीएलटी’. मग आकड्यांची फाईल वाचायची, ‘पीएलटी डॉट प्लॉट’ लिहायचे, की पडद्यावर रेघ उमटते. ही आज्ञा नेमकी अशीच का, असे सहसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर शिकागोतील अपस्माराच्या रुग्णांपर्यंत जाते. आजचा धागा त्याविषयी.

या शतकाच्या आरंभी जॉन हंटर हे मज्जाजीवशास्त्रज्ञ शिकागो विद्यापीठात अपस्मारावर संशोधन करीत होते. औषधांना दाद न देणाऱ्या काही रुग्णांवर शस्त्रक्रिया करावी लागते. तीपूर्वी मेंदूच्या पृष्ठभागावरच विद्युत्अग्रे ठेवून झटका कोठून उठतो ते शोधतात. प्रत्येक अग्रावरून सेकंदाला शेकडो आकडे येतात. नुसत्या आकड्यांच्या रांगा वाचून काहीच उमगत नाही. त्यांच्या रेघा एकीखाली एक काढल्या, म्हणजे कोणती आधी थरथरली ते डोळ्यांना दिसते. येथे आलेख म्हणजे अहवालाची सजावट नव्हती. मेंदूचा कोणता भाग काढायचा, हा प्रश्न त्यावर टेकलेला होता.

आणि तो आलेख कुलपात होता! विश्लेषणाचे सॉफ्टवेअर विकतचे, परवाना एकच. तो संगणकाला जोडायच्या एका छोट्या उपकरणात, म्हणजे ‘डाँगल’मध्ये, बंद. अभियंते, वैद्यकीय विद्यार्थी, संशोधक सारेच त्या एका किल्लीसाठी पाळी लावीत.

हंटर यांनी पर्याय म्हणून प्रथम मॅटलॅब वापरून पाहिले आणि ते बऱ्यापैकी जमलेही. (गंमत अशी, की मॅटलॅबही मुळात विद्यार्थ्यांच्या सोयीसाठीच जन्मले होते. फोरट्रान न शिकता गणिते करता यावीत म्हणून क्लीव्ह मोलर यांनी ते १९७०च्या दशकाच्या अखेरीस न्यू मेक्सिको विद्यापीठात रचले. कंपनी आली ती १९८४ मध्ये.) पण रुग्णालयातील नोंदी एकजिनसी नसतात. सीटी, एमआरआय, विद्युत्लेख असे सारे वेगवेगळ्या सर्व्हरवर पसरलेले. मॅटलॅबला मात्र जग म्हणजे आकड्यांचे कोष्टक वाटे. माझ्या मते खरा पेच हाच होता : अडचण आलेख काढण्याआधी, माहिती वाचण्यातच होती. म्हणून हंटर पायथॉनकडे वळले. १९९१ मध्ये गिदो व्हान रोसम यांनी प्रसिद्ध केलेली ही भाषा फाईली, सर्व्हर, आकडे सगळ्यांशी सहज बोलत असे. तिच्यात उणीव होती ती मनाजोगत्या आलेखाची.

तो भाग त्यांनी स्वतः लिहिला. आधी तो आयपायथॉन या प्रकल्पाला जोड म्हणून पाठविला. परंतु त्याचे कर्ते फर्नांदो पेरेझ आपला प्रबंध संपविण्यात गुंतले होते, काही महिने तरी लक्ष देता येणार नव्हते. हंटर थांबले नाहीत. २००३ मध्ये मॅटप्लॉटलिब स्वतंत्रपणे बाहेर पडले. कोणीही वापरावे, कोणीही बदलावे, किल्ली कोणाकडेच नाही.

‘फिगर’, ‘सबप्लॉट’, ‘एक्सलेबल’ ही नावे त्यांनी मुद्दाम मॅटलॅबसारखीच ठेवली. तिकडून येणाऱ्याला पुन्हा नवे शिकावे लागू नये. या सौजन्याची किंमत नवशिके आजही मोजतात. ‘पीएलटी’ला दिलेली आज्ञा त्या क्षणी ‘चालू’ असलेल्या चित्राला लागू होते, आणि ते चित्र कोणते हे ओळीत लिहिलेले नसते. म्हणूनच दुसरी, ‘अ‍ॅक्स’ची पद्धतही शिकवावी लागते आणि तेथेच गोंधळ उडतो.

फाईल वाचण्याचे काम पुढे पांडाज या दुसऱ्या साधनाने सोपे केले. वेस मॅकिनी यांनी ते २००८ मध्ये एका गुंतवणूक कंपनीत काम करताना लिहायला घेतले.

जुलै २०१२ मध्ये हंटर यांनी सायपाय परिषदेत बीजभाषण केले. परतल्यावर लगेच कर्करोगाचे निदान झाले आणि उपचारांतील गुंतागुंतीमुळे २८ ऑगस्टला, अवघ्या ४४व्या वर्षी, ते गेले. मागे पत्नी व तीन मुली.

१० एप्रिल २०१९ रोजी कृष्णविवराचे पहिले छायाचित्र जगाने पाहिले. ते घडविणाऱ्या चमूच्या साधनांत मॅटप्लॉटलिबही होते.