संशोधन नियतकालिकांची यादी आणि सामाजिक शास्त्रे

सामाजिक शास्त्रांतील संशोधनाला मान्यता मिळते ती प्रामुख्याने संशोधन नियतकालिकांतून. अभ्यासकाने पाठवलेला लेख त्याच विषयाचे अन्य तज्ज्ञ, बहुधा लेखकाचे नाव न कळता, तपासतात आणि त्यातील उणिवा दाखवतात. त्यानंतर लेख स्वीकारायचा की नाकारायचा, हे ठरते. या तज्ज्ञपरीक्षणाला महिने लागतात. परंतु संशोधनाची विश्वासार्हता त्यावरच उभी असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांची निवड व पदोन्नती गुणांकांशी जोडली आणि प्रसिद्ध झालेल्या लेखांना ठरावीक गुण दिले. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांवरही प्रबंध सादर करण्यापूर्वी लेख प्रसिद्ध करण्याचे बंधन होते. मागणी वाढताच तिचा पुरवठा करणारा बाजारही उभा राहिला. शुल्क भरताच काही दिवसांत, कोणतेही परीक्षण न करता, लेख छापणारी नियतकालिके निघाली. अमेरिकी ग्रंथपाल जेफ्री बील यांनी अशा प्रकाशनांना ‘भक्षक’ हे विशेषण दिले. मुखपृष्ठावर आयएसएसएन क्रमांक असला की नियतकालिक दर्जेदार, असा समजही रूढ झाला. वस्तुतः तो केवळ ओळखक्रमांक आहे. गुणवत्तेशी त्याचा संबंध नाही.

यावर उपाय म्हणून आयोगाने २०१७ मध्ये ३८ हजारांहून अधिक मान्य नियतकालिकांची यादी जाहीर केली. मात्र, यादीतच बोगस नावे शिरली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून समाविष्ट झालेल्या १,००९ नियतकालिकांची पुण्यातील अभ्यासकांनी छाननी केली, तेव्हा त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकषांत अपात्र ठरली. हे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके वगळली आणि पुढे ‘युजीसी-केअर’ ही नवी व्यवस्था आणली. तिच्या छाननीचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षाकडे होते. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.साठी लेख प्रसिद्धीची सक्ती उठवली, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘केअर’ यादीही रद्द झाली. नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी आता विद्यापीठे व महाविद्यालये यांच्यावर आहे. आयोगाने त्यासाठी केवळ मार्गदर्शक निकष सुचवले आहेत.

या निर्णयाचे दोन्ही बाजूंनी समर्थन व खंडन होते. दिल्लीत बसून हजारो नियतकालिकांवर देखरेख ठेवणे अशक्य असते आणि नव्या विषयांवरील चांगली नियतकालिके यादीबाहेर राहतात, असे यादीचे टीकाकार म्हणतात. उलट, यादीच नसेल तर दुबळ्या संस्थांत बोगस प्रकाशनांना मोकळे रान मिळेल, अशी दुसऱ्या पक्षाची भीती आहे.

भारतीय भाषांतील सामाजिक शास्त्रांसाठी हा प्रश्न अधिक नाजूक आहे. ‘स्कोपस’सारख्या आंतरराष्ट्रीय सूचींमध्ये इंग्रजी नियतकालिकांचे प्राबल्य आहे. ‘केअर’ यादीत देशी भाषांतील नियतकालिकांसाठी निदान एक दार होते. आता संस्थांनी श्रम वाचवण्यासाठी आंतरराष्ट्रीय सूचीलाच प्रमाण मानले, तर ‘नवभारत’ किंवा ‘समाज प्रबोधन पत्रिका’ यांनी जोपासलेल्या परंपरेत लिहिणाऱ्या अभ्यासकाच्या पदरी गुण पडणे कठीण. गोव्यातील कोमुनिदादी, मुंडकारांचे हक्क, खाणबंदीनंतरची गावे किंवा सीमाभागातील भाषाव्यवहार हे विषय ज्यांच्या जगण्याचे आहेत, त्या वाचकांपर्यंत मग संशोधन पोहोचणारच नाही.

मोजमाप हेच उद्दिष्ट झाले की ते मोजमाप म्हणून निरुपयोगी ठरते, हा विचार ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जातो. लेखांची संख्या मोजणाऱ्या व्यवस्थेला लेखच मिळाले. ज्ञान मिळेलच याची हमी नव्हती. यादी ठेवली वा काढली, तरी निवड समितीने लेख मोजण्याऐवजी ते वाचण्याला पर्याय नाही. प्रत्येक उमेदवाराचे दोन-तीन निवडक लेख जाणकारांनी वाचून अभिप्राय द्यावा, ही पद्धत वेळखाऊ असली तरी तिच्यात भाषेचा अडसर राहत नाही आणि मराठीतील चांगल्या संशोधनाला त्याच्या गुणांवर न्याय मिळू शकतो.