सिमेंटची गोणी 50 किलोचीच का?

पावसाळा संपला की आमच्या गावात घरांची कामं निघतात. जुन्या फरशा उखडायच्या, ओट्याला ग्रॅनाइट लावायचा, वर एक खोली चढवायची. म्हणून आज या गोणीबद्दल लिहितोय.

इंग्रजांच्या मापात एक हंड्रेडवेट म्हणजे 112 पौंड, जवळपास 51 किलो. ब्रिटनमध्ये सिमेंट याच वजनाच्या पोत्यात भरायचे. टनाला वीस पोती, हिशेब सोपा. आपल्याकडे मेट्रिक पद्धत आली तरी टनाला वीसच गोण्या राहिल्या. अमेरिकेत गोणी 94 पौंडांची, कारण तेवढं सिमेंट बरोबर एक घनफूट भरतं. म्हणजे हिशेब कुठं टनाचा, कुठं घनफुटाचा. उचलणाऱ्याच्या पाठीचा कुठंच नाही!

पाठीचा विचार कायद्यात आला, पण उशिरा. आपल्या 1948 च्या कारखाने कायद्यात कलम 34 होतं: इजा होईल इतकं ओझं कामगाराला उचलायला लावू नये. 1967 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ठराव क्रमांक 127 केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी 55 किलोची मर्यादा सुचवली. भारताने तो ठराव मान्य केला 2010 मध्ये. त्रेचाळीस वर्षं लागली राव.

मध्यंतरी महाराष्ट्राने मात्र मोठं काम केलं. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी संघटित केले, पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत उभी राहिली, आणि 1969 ला माथाडी कायदा झाला. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. मंडळ, नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी हे सगळं त्यातून आलं. शंभर किलोचं पोतं बंद करा, ही मागणीही हमालांनीच लावून धरली.

पण हे सगळं बाजार समितीत आणि गोदामात. तुमच्या-माझ्या घरी नाक्यावरून जो माणूस येतो त्याची नोंद कुठल्या मंडळात असते? आमच्याकडे तरी मी अशी पाहिली नाही. तिथं मालक आपणच, आणि 'एवढी वर नेऊन टाक रे' म्हणणारेही आपणच. 50 किलो हे 55 च्या आत बसतं, हे खरं. पण अमेरिकेतल्या 'नायॉश' या संस्थेने 1991 च्या सूत्रात, सगळी परिस्थिती अनुकूल असताना, 23 किलो धरलेत. आपल्याकडे अरुंद जिना, कठडा नाही, पायात स्लीपर.

जुने हमाल बघा. गुडघ्यात वाकतात, ओझं अंगाला चिकटवून घेतात, उचलताना कंबर पिळत नाहीत, वळायचं तर पाय वळवतात. डोक्यावर चुंबळ. ग्रॅनाइट आडवा धरत नाहीत, उभा नेतात. आडवा धरला तर स्वतःच्याच वजनाने मधोमध तडकतो. हे कुणी त्यांना वर्गात शिकवलेलं नाही. आपल्या घरातली पोरं मात्र हौसेनं लोखंडी कपाटाला कंबरेतून वाकून हात घालतात. आधी ते रिकामं करा, दारं दोरीने बांधा, चौघं लावा, एकानेच आवाज द्यायचा.

वरच्या मजल्यावर माल न्यायचा असेल तर कप्पी आणि दोर लावून घ्या, किंवा गोणी खालीच फोडून घमेल्याने चढवा. फेऱ्या वाढतात, मजुरीही वाढते. ती ठरवताना कामगारासमोरच ठरवा.