वर्षाची बेगमी आणि महिन्याचा ताळेबंद

जालना शहरातील मस्तगड हा भाग आज दाट वस्तीचा आणि रहदारीचा आहे. मात्र त्याचे नाव एका बालेकिल्ल्यावरून आलेले आहे. निजामउल्मुल्क आसफजाहच्या आज्ञेवरून काबिलखानाने १७२५ मध्ये येथे किल्ला बांधला आणि त्यातील गढी मस्तगड या नावाने ओळखली जाऊ लागली. गढी म्हटली की वेढा आणि वेढा म्हटला की धान्याचा साठा, हे समीकरण इतिहासात ठरलेलेच होते. आता वेढा पडत नाही, पण महागाईचा फेरा दरवर्षी येतो आणि त्याला तोंड देण्यासाठी प्रत्येक कुटुंब आपापल्या परीने साठवण करीत असते. कुणी उन्हाळ्यात मोंढ्यावरून वर्षाचे गहू-ज्वारी भरते, कुणी प्रजासत्ताक दिनाच्या सवलतीत तेल, साबण आणि चहा यांच्या पिशव्या भरून आणते. दोन्हींमागचा हेतू बचतीचाच असतो. ती बचत खरोखर होते का, हे मात्र भावापेक्षा घरखर्चाच्या आखणीवर अधिक अवलंबून असते.

पेवापासून मॉलपर्यंत

महाराष्ट्रात साठवणीची परंपरा जुनी आहे. जमिनीत खणलेली पेवे, शेणामातीने सारवलेल्या बांबूच्या कणग्या आणि पुढे पत्र्याच्या कोठ्या ही तिची साधने. शेतकऱ्याच्या घरी ही साठवण सुगीतून आपोआप होत असे. शहरातील नोकरदारांनी तीच रीत पैसे मोजून चालू ठेवली. मार्च ते मे या काळात गहू निवडणे, मिरच्या कांडणे, पापड-कुरडया घालणे आणि डाळींना ऊन देणे हा घरोघरचा कार्यक्रम असे.

१९७२ च्या दुष्काळाने या सवयीला भीतीची किनार दिली. त्या वर्षी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने महागाईविरोधी महिलांची संयुक्त समिती उभी राहिली आणि लाटणी घेऊन निघालेले मोर्चे गाजले. तेल, साखर, धान्य वेळेवर मिळेलच याची खात्री नसलेल्या त्या पिढीने घरात दोन डबे जास्तीचे भरून ठेवणे हा संसाराचा नियम मानला.

पुढे टंचाई सरली आणि तिची जागा सवलतींनी घेतली. जानेवारी २००६ मध्ये बिग बझारने ‘सबसे सस्ता दिन’ ही कल्पना आणली आणि प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास रांगा लावून किराणा भरण्याची नवी प्रथा रुळली. २०२२ मध्ये त्या साखळीची दुकाने बंद झाली. प्रथा मात्र इतर दुकानांत आणि ऑनलाइन खरेदीत कायम राहिली. मार्च २०२० मधील टाळेबंदीच्या घोषणेनंतर दुकानांत उसळलेल्या गर्दीने जुनी भीतीही अजून गेलेली नाही हे दाखवून दिले.

भाव कधी उतरतात?

खरी घाऊक सवलत दुकानदार देत नाही, ती हंगाम देतो. माल बाजारात येण्याच्या काळात भाव साधारणपणे उतरतात. तूर डिसेंबर-जानेवारीत येऊ लागते आणि डाळ गिरण्यांतून नवी डाळ त्यानंतर बाहेर पडते. हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये, रब्बी ज्वारी त्याच सुमारास आणि गहू मार्च-एप्रिलमध्ये येतो. लाल मिरची, हळद आणि चिंच यांची खरेदी उन्हाळ्याच्या तोंडाशी करावी. नवा तांदूळ शिजताना चिकट होतो, म्हणून अनेक घरी तो वर्षभर जुना झालेलाच घेतात.

या बाबतीत जालनेकर भाग्यवान आहेत. शहरात मोठा मोंढा आहे, डाळ गिरण्या आहेत आणि भोवतालच्या तालुक्यांतून धान्य थेट येते. तुरीच्या ‘बीडीएन’ वाणांसाठी प्रसिद्ध असलेले बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र याच जिल्ह्यात आहे. मुंबई-पुण्यातील ग्राहकाला जे धान्य अनेक हातांतून फिरून मिळते, ते येथे दोन हात कमी फिरून मिळू शकते.

खरेदीत कराचाही थोडा विचार असावा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद व लेबल लावलेल्या धान्यावर, डाळींवर आणि पिठांवर ५ टक्के जीएसटी लागू झाला. सुटे धान्य आणि त्याहून मोठी पोती त्यातून वगळण्यात आली. वर्षाचे गहू लहान पिशव्यांतून घेणे त्यामुळे दुहेरी महाग पडते.

सवलतीची भाषा

दुकानातील पाट्यांची भाषा आणि प्रत्यक्ष फायदा यांत अंतर असते. ‘५० टक्के जादा’ याचा अर्थ निम्म्या किमतीत असा नव्हे. दीड किलो माल एका किलोच्या दरात मिळतो, म्हणजे सूट सुमारे ३३ टक्के. ‘२० टक्के जादा’ म्हणजे १७ टक्क्यांहूनही थोडी कमी सूट. ‘दोन घ्या, एक मोफत’ यातही सूट ३३ टक्केच. पण तिसरा पुडा मुदत संपून फेकावा लागला, तर पहिले दोन पूर्ण दरानेच घेतले असे होते.

तुलना नेहमी किलो किंवा लिटरच्या दराने करावी. वेष्टनबंद वस्तूंच्या नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पाकिटावर एकक दर छापण्याची तरतूद आणली आहे. कमाल किरकोळ किमतीशेजारी लहान अक्षरांत दिलेला हा आकडा वाचण्याची सवय लावली, तर मोठे पाकीट प्रत्येक वेळी स्वस्त नसते हे चटकन ध्यानात येते. कमाल किमतीवरील सूट पाहण्यापेक्षा तीच वस्तू नेहमीच्या किराणा दुकानात काय भावाने मिळते, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

आधी पैशाची बेगमी

साठवणीचे गणित बहुतेक घरांत बिघडते ते एकरकमी पैशामुळे. उदाहरणादाखल मस्तगडातील चार माणसांचे एक कुटुंब घेऊ. त्याला महिन्याला साडेबारा किलो, म्हणजे वर्षाला १५० किलो गहू लागतो. एप्रिलमध्ये तो ३० रुपये किलोने मिळाला आणि दर महिन्याला किरकोळीत घेतला असता त्याला सरासरी ३६ रुपये पडले असते, असे समजू. एकरकमी खरेदीचा खर्च ४,५०० रुपये आणि वर्षाची बचत ९०० रुपये. वीस टक्के परतावा कोणत्याही बँकेत मिळत नाही, म्हणून हा व्यवहार आकर्षक वाटतो.

आता हेच ४,५०० रुपये महिना ३ टक्के व्याजाने उचलून बारा समान हप्त्यांत मुद्दल फेडले, तर वर्षाचे व्याज सुमारे ८७८ रुपये होते. म्हणजे वर्षभराच्या खटाटोपानंतर हाती राहतात २२ रुपये. त्यातच पाच टक्के गहू किडला, तर २२५ रुपयांचे नुकसान होऊन व्यवहार तोट्यात जातो. क्रेडिट कार्डावरील थकबाकीचे व्याज बहुधा याच पातळीचे किंवा याहून अधिक असते. कर्जाऊ पैशातून केलेली साठवण ही बचत नव्हे, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ साधते.

यावर उपाय म्हणजे साठवणीचा वेगळा निधी. ऑगस्टपासून दरमहा ५०० रुपये बाजूला ठेवले, तर एप्रिलअखेर नऊ महिन्यांत बरोबर ४,५०० रुपये जमतात. पहिले वर्ष थोडे ओढाताणीचे जाते. त्यानंतर मात्र गव्हासाठी दरमहा लागणारे ४५० रुपये मोकळे होतात. ते तसेच निधीत टाकत गेल्यास बारा महिन्यांत ५,४०० रुपये जमतात. पुढील वर्षाचा गहू त्यातून येतो आणि वर ९०० रुपये डाळीसाठी उरतात. असा निधी स्वतःच्या बळावर चालू राहतो.

येथेच बहुतेक कुटुंबे चुकतात. गहू घरात आहे म्हणून सुटलेले ४५० रुपये दुसऱ्याच खर्चात विरून जातात आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा उसनवारीची वेळ येते. सवलतीच्या दिवसांनाही हाच नियम लागू आहे. सवलतीमुळे खर्चाची मर्यादा वाढत नाही. त्याच मर्यादेत काय आणि किती घ्यावे, एवढेच बदलते. जानेवारीत तीन महिन्यांचा साबण घेतला, तर फेब्रुवारी आणि मार्चच्या यादीतून साबणाची रक्कम वजा झाली पाहिजे.

काय भरावे, काय टाळावे?

वर्षभरासाठी गहू, ज्वारी, जुना तांदूळ, तूर व हरभरा डाळ, मिरची, हळद, चिंच, मीठ आणि साखर या वस्तू योग्य. अंगाचा व कपड्यांचा साबणही टिकतो. तो वेष्टनातून काढून वाळू दिल्यास कमी झिजतो. चहा, टूथपेस्ट, धुण्याची पावडर यांचा साठा तीन ते सहा महिन्यांपुरता असावा.

रवा, मैदा, बेसन, पोहे, दळलेले मसाले आणि सुका मेवा एक-दोन महिन्यांपेक्षा जास्त घेऊ नयेत. तेलाचा १५ किलोचा डबा स्वस्त पडतो, पण एकदा फोडल्यावर तेलाला उजेड आणि हवा लागून खवट वास येऊ लागतो. लहान कुटुंबाने तो शेजाऱ्यांत वाटून घ्यावा. शेंगदाण्यांना बुरशी लागली, तर ते निवडून वापरण्याचा मोह टाळून टाकून द्यावेत; त्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असते आणि भाजल्याने ते पूर्णपणे जात नाही.

किती भरावे हे अंदाजाने न ठरवता तीन महिने वापराची नोंद ठेवावी. डबा भरला ती तारीख आणि संपला ती तारीख एवढेच लिहिले तरी पुरते. घरात भरपूर आहे म्हटले की वापरही सैल होतो, ही गोष्ट अशा नोंदीतून उघड होते.

निगा राखली तरच बचत

मराठवाड्यातील एप्रिल-मेचे कडक ऊन ही साठवणीसाठी मोठी सोय आहे. गहू आणि डाळी पाखडून, निवडून दोन-तीन उन्हे द्यावीत; गरम धान्य मात्र लगेच कोठीत भरू नये. ते पूर्ण निवल्यावरच भरावे, नाहीतर आत घाम धरून बुरशी येते. तांदूळ कडक उन्हात तडकतो, म्हणून तो सावलीत वाळवावा. दाताखाली गव्हाचा दाणा कडकन फुटला की तो पुरेसा वाळला, ही जुनी परीक्षा आजही चालते.

कोठी कोरडी आणि घट्ट झाकणाची असावी, भिंतीला न टेकता पाटावर ठेवावी. वाळलेला कडुनिंबाचा पाला घालण्याची आणि तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावण्याची पद्धत उपयुक्त आहे. जुन्या धान्यावर नवे ओतू नये. आधी आलेले आधी संपवावे. पावसाळ्यात दमट हवेच्या दिवशी कोठी वारंवार उघडू नये.

कीड मारण्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात वापरण्याचा प्रकार जीवघेणा आहे. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेल्यांचे त्याने प्राण गेले आहेत. या गोळ्या प्रशिक्षित व्यक्तींनी गोदामात वापरण्यासाठी असतात. पाऱ्याच्या गोळ्याही धान्यात ठेवू नयेत.

तुरीच्या डाळीचा धडा

ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळ अनेक शहरांत किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. भाव आणखी चढतील या धास्तीने अनेकांनी गरजेपेक्षा जास्त डाळ घेतली. दुष्काळामुळे पुढचे पीकही कमी आले आणि भाव लगेच खाली आले नाहीत. त्यानंतर २०१६-१७ च्या हंगामात मात्र विक्रमी पीक आले आणि २०१७ च्या प्रारंभी तूर क्विंटलला ५,०५० रुपये या हमीभावाच्याही खाली विकली गेली. सरकारी खरेदी केंद्रांबाहेर शेतकऱ्यांच्या रांगा लागल्या. शिखरावरच्या भावात वर्षाची बेगमी करणे धोक्याचे असते, हे या चढउतारातून दिसते. भाव चढलेले असताना दोन महिन्यांपुरते घ्यावे आणि मूग, मसूर, मटकी यांचा वापर वाढवावा. साठा सुगीतच करावा.

साठवण आणि साठेबाजी यांतील फरकही येथे लक्षात घ्यावा. जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ नुसार लावल्या जाणाऱ्या साठामर्यादा व्यापारी, गिरण्या आणि मोठ्या विक्रेत्यांसाठी असतात. जून २०२३ मध्ये तूर, उडीद आणि गहू यांवर अशा मर्यादा आल्या होत्या. घरातील वर्षाचे धान्य त्यात मोडत नाही. तथापि टंचाईच्या अफवेवर सर्वांनी एकाच दिवशी पोती उचलली, तर रोजच्या मजुरीवर किलोभर आटा घेणाऱ्यालाच त्याची झळ पहिल्यांदा बसते.

मिळून खरेदीचा मार्ग

एकट्या कुटुंबाला घाऊक दर परवडत नसेल, तर गट करून खरेदी करता येते. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने हा मार्ग रुळवला. काही कुटुंबांचा एक संघ, महिन्याची एकत्र मागणी, घाऊक दराने खरेदी आणि सभासदांनीच वाटप, अशी ही पद्धत. मधले दुकानच नसल्याने सजावट, जाहिरात आणि मोहाची खरेदी हे तिन्ही टळतात. मस्तगडसारख्या जुन्या वस्तीत, जिथे शेजार अजून टिकून आहे, तिथे चार-पाच घरांनी मिळून मोंढ्यावरून गहू आणि डाळ आणणे, वाहनभाडे वाटून घेणे आणि तेलाचे डबे विभागणे सहज शक्य आहे. प्रत्येक घराने आपला वाटा महिन्याच्या निधीतून आगाऊ जमा करावा, उधारी ठेवू नये आणि मालाचे वजन सर्वांसमक्ष करावे, एवढी पथ्ये पाळली तर असे गट वर्षानुवर्षे चालतात.