मायलेज (वाहन)

मायलेज किंवा इंधन कार्यक्षमता म्हणजे ठरावीक इंधनात वाहनाने कापलेले अंतर होय. भारतात पेट्रोल व डिझेल वाहनांसाठी ते किलोमीटर प्रति लिटर, तर सीएनजी वाहनांसाठी किलोमीटर प्रति किलोग्रॅम असे व्यक्त करतात. युरोपात सामान्यतः १०० किलोमीटरसाठी लागणारे लिटर मोजण्याची पद्धत आहे.

मापन

उत्पादकांनी जाहीर केलेले मायलेज पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्था प्रमाणित करतात. चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर वाहन चालवून ठरावीक वेगक्रमानुसार घेतली जाते. वाहतूक कोंडी, चढण, वातानुकूलन, भार आणि टायरमधील हवेचा कमी दाब यांमुळे प्रत्यक्ष मायलेज सहसा कमी भरते.

खरेदीचा निर्णय

वार्षिक अंतराला मायलेजने भागल्यास वर्षाचा इंधनखप मिळतो. वर्षाला १२,००० किमी धावणाऱ्या वाहनाचे मायलेज १५ ऐवजी २० असल्यास खप ८०० वरून ६०० लिटरवर येतो; २० ऐवजी २५ असल्यास मात्र केवळ १२० लिटर वाचतात. म्हणजेच मायलेजमधील समान वाढीने समान बचत होत नाही.

इंधनाचा दर प्रतिलिटर १०० रुपये धरल्यास २०० लिटरची बचत २०,००० रुपये होते. अशा वाहनाची किंमत १ लाख रुपयांनी अधिक असल्यास ती रक्कम ५ वर्षांत वसूल होते; वापर ६,००० किमी असल्यास १० वर्षे लागतात. त्यामुळे कमी वापर असणाऱ्या ग्राहकाला अधिक मायलेजचे महाग वाहन परवडतेच असे नाही. कर्जावरील व्याज, विमा, देखभाल आणि पुनर्विक्रीची किंमत यांचाही हिशेबात समावेश करावा लागतो.