हठयोगाच्या ग्रंथांतील शीतकालचर्या : योगशिक्षकाच्या संदर्भात एक विचार

हिवाळ्यात पहाटे थंड पाण्याने स्नान करावे, अंगावर बेताचेच वस्त्र ठेवावे, उपाशीपोटी ओळीने दोन-तीन वर्ग घ्यावेत आणि या साऱ्याचा त्रास झाला तरी तो चेहऱ्यावर उमटू देऊ नये, अशी योगशिक्षकाविषयीची एक कल्पना आपल्याकडे रूढ आहे. शिष्यवर्ग ती बाळगतो आणि पुष्कळदा शिक्षक स्वतःच ती जोपासतो. ही कल्पना हठयोगाच्या परंपरेतून आली असावी, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. प्रस्तुत टिपणात या गृहीताचीच तपासणी करावयाची आहे.

शीत सहन करणे हे तप होय, ही धारणा प्राचीन आहे यात शंका नाही. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाने हेमंतात ओल्या वस्त्रानिशी राहावे आणि तप क्रमाक्रमाने वाढवीत न्यावे, असे सांगितले आहे. पातंजल योगसूत्रांवरील व्यासभाष्यातही तपाची व्याख्या द्वंद्वे सहन करणे अशीच केली आहे, आणि त्या द्वंद्वांत शीतोष्णाचा उल्लेख आहे. तथापि त्याच भाष्यकाराने दुसऱ्या पादाच्या आरंभी एक मर्यादा घातली आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. चित्ताच्या प्रसन्नतेला बाधा येणार नाही एवढेच तप आचरावे, अशी ती मर्यादा होय. पुढे आसनाच्या विवेचनात सूत्रकार म्हणतात की, आसन सिद्ध झाले म्हणजे द्वंद्वांचा आघात होत नाही. म्हणजे थंडीने विचलित न होणे हे येथे आसनसिद्धीचे फळ आहे, आसनाची पूर्वअट नव्हे. फळालाच साधन समजून बसण्याची जी चूक पुढे झाली, तिचे मूळ बहुधा या दोन स्थळांच्या सरमिसळीत असावे.

पंधराव्या शतकातील हठप्रदीपिकेकडे वळले म्हणजे चित्र अधिकच स्पष्ट होते. योगमठिकेचे वर्णन करताना स्वात्मारामाने लहान दाराची, खिडक्या नसलेली खोली सांगितली आहे. वाऱ्याचा झोत अंगावर येऊ नये, हा त्यातील एक हेतू उघड आहे. पुढे गोरक्षाचे म्हणून जे वचन त्याने उद्धृत केले आहे, त्यात प्रातःस्नान, उपवास आणि शरीराला क्लेश देणारे विधी हे तिन्ही वर्ज्य ठरविले आहेत. एकोणिसाव्या शतकातील टीकाकार ब्रह्मानंद याने ‘ज्योत्स्ना’ या टीकेत त्याचे कारणही दिले आहे : नव्या अभ्यासकाला प्रातःस्नानाने शीतविकार जडतात आणि उपवासाने पित्तादी विकार उद्भवतात.

परंतु याहून महत्त्वाचे स्थळ दुसरे आहे. योगाचा नाश करणारी सहा कारणे हठप्रदीपिकेने सांगितली आहेत, त्यांपैकी एक ‘नियमाग्रह’ होय. हा संधी दोन प्रकारांनी सोडविता येतो. नियमांचा आग्रह असा अर्थ होतो, तसाच नियम न पाळणे असाही होऊ शकतो. ब्रह्मानंदाने पहिला पक्ष स्वीकारला आहे आणि उदाहरण म्हणून प्रथम दिले आहे ते थंड पाण्याने केलेले प्रातःस्नानच. रूढ कल्पनेत जे शिक्षकाच्या योग्यतेचे लक्षण मानले जाते, ते या परंपरेच्या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या टीकेत योगनाशाच्या कारणांत पडते, हे विलक्षणच म्हणावे लागेल.

अग्निसेवनाचा, म्हणजे शेकोटीचा, निषेधही हठप्रदीपिकेत आहे. परंतु तो ‘आदौ’, म्हणजे अभ्यासाच्या आरंभीच्या काळापुरता आहे. अभ्यास स्थिरावल्यावर थंडीत शेक घेण्यास हरकत नाही, असा त्या एका शब्दाचा अर्थ ब्रह्मानंदाने लावला आहे. कुंभकांविषयीही त्याचा असाच व्यवहारी निवाडा आहे. सूर्यभेदन व उज्जायी उष्ण असल्याने प्रायः थंडीत हितकर, सीत्कारी व शीतली प्रायः उन्हाळ्यात, आणि भस्त्रिका सर्वकाळ. ही भाषा तपस्व्यापेक्षा वैद्याला जवळची आहे.

मग वैद्यकाचे स्वतःचे म्हणणे काय? चरकाच्या मते बाहेरच्या थंडीने कोंडला गेलेला जाठराग्नी हेमंतात प्रबळ होतो, आणि त्याला पुरेसे अन्न मिळाले नाही तर तो शरीरातील रसच जाळू लागतो. म्हणून स्निग्ध आहार, अभ्यंग, ऊबदार निवास. आपल्याकडील नरकचतुर्दशीचे तेल, उटणे आणि ऊन पाणी याच विचाराचे घरगुती रूप होय. वाग्भटाने तर व्यायामाला थंडीचा व वसंताचा काळच योग्य ठरविला आहे. मात्र तोही अर्ध्या शक्तीने आणि स्निग्ध भोजन करणाऱ्या बलवानाने करावयाचा. अर्धी शक्ती संपल्याची खूण सुश्रुताने दिली आहे : श्वास तोंडावाटे येऊ लागला की थांबावे.

येथे एक विरोध उभा राहतो. घेरंडसंहिता हेमंत व शिशिरात योगाचा आरंभ करू नये, तो वसंतात किंवा शरदात करावा, असे सांगते. वैद्यकाला जो काळ श्रमास अनुकूल, तो योगग्रंथाला प्रतिकूल का वाटावा? आमच्या मते विरोध दिसतो तितका खरा नाही. घेरंडसंहितेचे हे वचन प्राणायामाच्या प्रकरणात आले आहे आणि ते आरंभापुरते आहे. त्याच प्रकरणात प्रातःस्नान व उपवास यांचा निषेध, एकभुक्त वा निराहार राहण्यास मनाई, आणि आरंभी नित्य दूध-तुपाचे सेवन व दुपारी आणि सायंकाळी असे दोन वेळा भोजन हे विधी येतात. आहाराच्या बाबतीत चरक आणि घेरंड एकाच बाजूला उभे आहेत.

या सर्व वचनांचा श्रोता मात्र एकटा साधक आहे. वेतन घेऊन, ठरलेल्या वेळी, अनेकांपुढे आसने करून दाखविणारा शिक्षक या ग्रंथांना ठाऊक नाही. तो विसाव्या शतकात घडला. १९१८ साली श्रीयोगेंद्रांनी मुंबईत वर्सोवा येथे ‘द योग इन्स्टिट्यूट’ काढली, १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले, आणि यथावकाश योगशिक्षण हा रीतसर अभ्यासक्रम असलेला व्यवसाय झाला. मघाच्या सहा कारणांची यादी या व्यवसायापुढे ठेवली तर काहीसे चमकायला होते. प्रयास, प्रजल्प आणि जनसंग, म्हणजे अतिश्रम, फार बोलणे आणि लोकांत वावरणे, ही त्यांतील तीन तर शिक्षकाची दिनचर्याच आहे.

त्यातून एक सूक्ष्म अडचण निर्माण होते. शिक्षक स्वतःला सिद्ध अभ्यासक समजतो आणि आरंभीच्या सवलती, म्हणजे दूध-तूप, दोन वेळचे जेवण, क्लेशवर्जन, आपल्यासाठी नाहीत असे मानतो. परंतु पहाटेच्या गारठ्यात, शरीर तापण्यापूर्वी, शिष्यांस समजावे म्हणून मध्येच एखादे कठीण आसन करून दाखवून पुन्हा बोलत उभे राहणे हा अभ्यास नव्हे. त्या घटकेपुरता तो ‘आदौ’ या शब्दाच्या कक्षेतच येतो. हठप्रदीपिकेत श्रमाने आलेला घाम अंगातच चोळून जिरवावा असे सांगितले आहे. वर्गात फिरणाऱ्या शिक्षकाचा घाम अंगावरच गार होतो. आपला अभ्यास वर्गापूर्वी, बंद खोलीत, स्वतंत्रपणे करणे आणि वर्गात प्रात्यक्षिकाचे काम शक्यतो एखाद्या तयार शिष्याकडे सोपविणे, हा ग्रंथांशी अधिक सुसंगत मार्ग दिसतो. पहाटेच्या व सायंकाळच्या वर्गांमध्ये दुपारचे जेवण नीट व्हावे, हेही त्याच ओघाने येते.

हा बदल केव्हापासून करावा, यावरही ग्रंथांत विचार आहे. वाग्भटाने मावळत्या ऋतूचा शेवटचा आणि उगवत्या ऋतूचा पहिला सप्ताह मिळून ऋतुसंधी मानला आहे; त्या चौदा दिवसांत जुनी चर्या हळूहळू सोडावी व नवी धरावी. घेरंडसंहिता तर पंचांगातील ऋतूहून ऋतूचा ‘अनुभव’ वेगळा काढते आणि प्रत्येक अनुभवाला दोन नव्हे, चार महिने देते : हेमंताचा कार्तिकापासून माघापर्यंत, शिशिराचा मार्गशीर्षापासून पुढे चार मास. एकाच तिथीला नाशिकला हाडे गोठत असतात आणि पणजीस पंखा फिरत असतो. तेव्हा प्रत्येक शिक्षकाला आपल्या गावचा अनुभव आपणच मोजावा लागणार.