पत्ते मोजणाऱ्यांनी काय काय सोडून दिलं

मेंढीकोट खेळलेल्या माणसाला ब्लॅकजॅकमधलं पत्ते मोजणं समजावायला वेळ लागत नाही. दोन दश्श्या पडून गेल्या, आता दोनच उरल्या, हे आपण कुणी न सांगताच लक्षात ठेवतो. पडलेला पत्ता परत येत नाही, म्हणून तो उरलेल्या पत्त्यांबद्दल काहीतरी सांगून जातो. फाशांना आठवण नसते, कॅटला असते. ही आठवण वापरायची पद्धत कशी सुधारत गेली, याचा इतिहास मला फार आवडतो. ती सुधारली, ती अचूकपणा थोडा थोडा सोडून देत.

खेळ थोडक्यात असा. बेरीज 21 च्या जवळ न्यायची, पण ओलांडायची नाही. चित्रं दहाची, एक्का एकचा किंवा अकराचा. डीलरला स्वतःचं डोकं चालवायची मुभा नाही : 16 पर्यंत पत्ता घ्यायचाच, 17 झाले की साधारणपणे थांबायचं.

या खेळाचं पहिलं नीट गणित कुठल्या जुगाऱ्याने केलं नाही. ते केलं अमेरिकी लष्कराच्या मेरीलँडमधल्या अबर्डीन तळावरच्या चार तरुणांनी : रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मेझेल आणि जेम्स मॅकडरमॉट. टेबलावरच्या कॅल्क्युलेटरांवर आकडेमोड करत त्यांनी कोणत्या हाताला काय करावं याचा तक्ता बनवला आणि 1956 साली तो संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. त्यांच्या हिशोबाने नीट खेळणारा माणूस शंभर डॉलरमागे साठेक सेंट हरणार होता. म्हणजे कॅसिनो जेमतेम पुढे होता.

हा लेख एडवर्ड थॉर्प नावाच्या गणितज्ञाने वाचला. पुढे एमआयटीत असताना त्याने आयबीएम 704 संगणकाला एक साधा प्रश्न विचारला : कॅटमधून अमुक पत्ते निघून गेले तर काय होतं? उत्तर चकित करणारं होतं. चारही पंज्या पडून गेल्या, तर खेळणाराच तीन टक्क्यांहून थोडा पुढे जातो. कारण डीलर 12 ते 16 मध्ये अडकला की पंजीच त्याला सुखरूप 17 ते 21 वर पोचवते. जानेवारी 1961 मध्ये थॉर्पने हे वॉशिंग्टनच्या गणित परिषदेत सांगितलं. माहितीशास्त्राचा जनक क्लॉड शॅनन याने त्याचा शोधनिबंध छापून यायला मदत केली.

पंज्या मोजणं अगदी सोपं. पण चारही लवकर पडून जाण्याची संधी क्वचितच येते. म्हणून 1962 च्या आपल्या पुस्तकात थॉर्पने दहाची मोजणी दिली. दहाचे पत्ते 16, बाकीचे 36. दोन्ही आकडे उलटे मोजत यायचं आणि एकाला दुसऱ्याने भागायचं. सुरुवातीला उत्तर 2.25 असतं, ते उतरलं की पैज वाढवायची. मी हे घरी कॅट आणि मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन करून पाहिलं. चालत्या लोकलमध्ये दरवाज्यात उभं राहून पावकी म्हणण्यासारखा प्रकार आहे. त्यात समोर डीलर, मागे कॅसिनोचा पहारा आणि टेबलावर स्वतःचे पैसे आहेत अशी कल्पना करा.

1963 मध्ये हार्वी डबनर याने लास व्हेगासमधल्याच एका संगणक परिषदेत हाय-लो पद्धत मांडली. दुर्री ते छक्की : अधिक एक. सत्ती, अठ्ठी, नव्वी : शून्य. दश्शी, चित्रं, एक्का : वजा एक. दोन आकड्यांचा एकच आकडा झाला. राजा आणि पंजी एकत्र पडले तर मोजायचंही नाही, दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. पंजीचं महत्त्व दुर्रीहून बरंच जास्त आहे, हे सत्य डबनरने सरळ बाजूला ठेवलं. आयबीएममधल्या जुलियन ब्रॉनच्या आकडेमोडीसह ही पद्धत थॉर्पच्या पुस्तकाच्या 1966 च्या आवृत्तीत आली.

मधल्या काळात, एप्रिल 1964 मध्ये, घाबरलेल्या लास व्हेगासने नियमच कडक केले. गिऱ्हाईक पांगलं आणि काही आठवड्यांत ते मागे घ्यावे लागले. मग पुढे चार, सहा, आठ कॅट एकत्र पिसून खेळणं रूढ झालं. त्यामुळे भागाकार गरजेचा झाला : हातातली बेरीज उरलेल्या कॅटांच्या संख्येने भागायची. बेरीज अधिक सहा आणि तीन कॅट उरलेत, तर खरी किंमत दोन. या प्रत्येक एकामागे खेळणाऱ्याचं पारडं साधारण अर्ध्या टक्क्याने जड होतं. पण आता उरलेले कॅट नजरेनेच अदमासायचे. एकेक पत्ता मोजत बसायची गरज नव्हती.

सत्तरच्या दशकात पुन्हा बारीक पद्धती निघाल्या. स्टॅनफर्ड वाँगच्या पद्धतीत पंजीला दीड गुण, दुर्रीला अर्धा. त्या तोलून पाहायचं माप गणितज्ञ पीटर ग्रिफिनने दिलं. पैज कधी वाढवावी हे ओळखण्यात वाँगची पद्धत 0.99 आणि साधी हाय-लो 0.97. एवढ्या फरकासाठी रात्रभर अपूर्णांक कोण मोजणार? एमआयटीच्या विद्यार्थ्यांच्या गाजलेल्या टोळीनेही हाय-लोच वापरली.

तरीही हा श्रीमंतीचा रस्ता नाही. नीट मोजणाराही एखाद टक्काच पुढे असतो आणि महिनोन्महिने हरू शकतो. डोक्यात मोजणं गुन्हा नाही, पण नेवाडातले कॅसिनो अशा माणसाला दार दाखवू शकतात. केन उस्टन याने न्यू जर्सीत कोर्टात धाव घेतली आणि 1982 मध्ये तो खटला जिंकला.

मोबाईलवरच्या ब्लॅकजॅकमध्ये मात्र यातलं काहीच चालत नाही. तिथे संगणक बहुधा दर डावाला कॅट नव्याने पिसतो. आठवणच पुसली जाते. 'मोजायची युक्ती' विकणारा कुणी भेटला, तर त्याला आधी एवढंच विचारा : तुझा कॅट पिसला कधी जातो?